पटावर आहे, पाठात आहे का?

शाळेत रॅम्प आहे का? दरवर्षी भरायच्या यू-डायस प्रपत्रातला हा प्रश्न मुख्याध्यापकांच्या चांगलाच ओळखीचा आहे. उत्तर बहुधा ‘होय’ असतं आणि ते खोटंही नसतं. रॅम्प असतो. पण तो संपतो तिथे वर्गाच्या दाराला चार बोटं उंच उंबरठा असतो, कठडा एकाच बाजूला असतो आणि शौचालयाकडे जायला तीन पायऱ्या उतराव्या लागतात. अशा शाळेत व्हीलचेअरवरून येणारी मुलगी दिवसभर पाणी पिणं टाळते. दुपारी खिचडी खाते आणि एका घोटावर पाच वाजेपर्यंत काढते. प्रपत्रात याची नोंद कुठेच होत नाही, कारण तसं कुणी विचारलेलंच नसतं.

समावेशित प्राथमिक शाळेचं मोजमाप नेमकं इथे चुकतं. पटावर किती दिव्यांग मुलं आहेत हे दोन मिनिटांत सांगता येतं. ती मुलं अकरा ते पाच या वेळात काय करतात, कुणाशी बोलतात, कुठल्या तासाला नुसती बसून राहतात, हे सांगायला कुणीतरी दिवसभर पाहायला हवं.

तसं पाहिलं की एक गोष्ट लवकर लक्षात येते. आपल्या प्राथमिक शाळांची जमेची बाजू माणसांत आहे. मुलाच्या घरची सगळी हकिगत ठाऊक असलेल्या बाई, न सांगता दप्तर उचलून घेणारी मैत्रीण आणि त्या मुलाला कसं भरवायचं हे जाणणाऱ्या स्वयंपाकी मावशी शाळेत असतात. उणी बाजूही तिथेच सापडते. या माणसांना जे कळलेलं आहे ते कुठे लिहिलेलं नसतं, ठरलेलं नसतं. बाईंची बदली झाली की मुलाची ओळखही त्यांच्याबरोबर जाते आणि जूनमध्ये नव्या सरांपुढे तेच मूल पुन्हा ‘याला काही येत नाही’ इथून सुरुवात करतं. शाळेच्या बलस्थानांची आणि सुधारणेच्या जागांची यादी करायला बसणाऱ्यांनी हा धागा शेवटपर्यंत धरून ठेवावा.

कायदा काय मागतो

१९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. १९ एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ते २१ झाले. स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया आणि सिकलसेल यांचा त्यात समावेश आहे. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या शाळेत सिकलसेलचं मूल दिसायला इतरांसारखंच असतं. पण वेदनेचा झटका आला की आठवडाभर शाळा बुडते. त्याला वेळोवेळी पाणी प्यायची मुभा हवी, थंडीपासून जपायला हवं आणि बुडालेला अभ्यास भरून काढायची सोय हवी. रॅम्पने त्याचं काहीच भागत नाही.

या अधिनियमाच्या कलम १६ नुसार भेदभाव न करता प्रवेश, इमारतीत विनाअडथळा वावर, मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोयी, अध्ययन अक्षमतेची लवकरात लवकर ओळख आणि मुलाच्या सहभागावर व प्रगतीवर लक्ष, हे सारं शाळेचं कर्तव्य आहे. कलम ३१ प्रमाणे लक्षणीय, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळतं. निवड पालकांची आहे. ‘तुमच्या मुलाला विशेष शाळेतच टाका’ असं सांगून दारातून परत पाठवण्याचा अधिकार शाळेला नाही.

प्रश्न किती मोठा आहे? २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. देशभरातल्या ५ ते १९ वयोगटातल्या दिव्यांग मुलांपैकी सुमारे २७ टक्क्यांनी कधी शाळेत पाऊलच टाकलेलं नव्हतं. म्हणजे पटावर नाव येणं हीसुद्धा मोठी मजल आहे. ती गाठलेल्या शाळांनी आता पुढचं पाहायचं आहे.

आधी जमेची बाजू

पाहणी म्हटली की उणिवांची यादी आधी तयार होते. तसं करू नये. सुधारणेला लागणारं बळ शाळेत आधीपासून असलेल्या गोष्टींतूनच येतं आणि मराठी शाळांकडे ते बऱ्यापैकी आहे.

पहिलं बळ शेजाराचं. पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा नियम आहे. त्यामुळे मूल ओळखीच्या वाटेने, भावंडांबरोबर, गल्लीतल्याच मुलांसोबत शाळेत येतं. तालुक्याच्या गावच्या वसतिगृहात राहून शिकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला जे मिळत नाही, ते त्याला घरातून निघता निघता मिळतं.

दुसरं बळ बहुवर्ग अध्यापनाचं. द्विशिक्षकी शाळेतले गुरुजी एकाच खोलीत पहिली आणि दुसरी सांभाळतात. एका गटाला कृती देऊन दुसऱ्याकडे वळतात. वेगवेगळ्या पातळीवरच्या मुलांना एकाच वेळी गुंतवून ठेवण्याची ही हातोटी हेच समावेशित वर्गाचं मुख्य कौशल्य आहे. खेड्यातल्या शिक्षकांनी ते गरजेपोटी कमावलेलं असतं, पण स्वतःच्या बलस्थानांत क्वचितच मोजलेलं असतं.

तिसरं बळ मूल्यमापनाच्या पद्धतीत दडलेलं आहे. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीत आकारिक मूल्यमापनाला ७० टक्के भार मिळाला, तिसरी-चौथीत ६०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम अशी साधनं शिक्षकाच्या हातात आली. लिहिता न येणाऱ्या मुलाकडून तोंडी उत्तर घेणं हा त्याच्यावर केलेला उपकार ठरत नाही. ते मूल्यमापनाचं मान्य साधन आहे.

आणि चौथं बळ परंपरेचं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. गुरं राखणारी आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर तिथे कुरणशाळा निघाल्या. मुलं जिथे गुरं चारत, तिथे शाळा गेली. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी उभ्या केलेल्या कमला निंबकर बालभवनात वेगवेगळ्या जातींची आणि आर्थिक थरांतली मुलं एका वर्गात शिकतात. ज्यांच्या नावाने ही शाळा आहे त्या कमलाबाई निंबकर भारतात व्यवसायोपचाराचा पाया घालणाऱ्यांपैकी होत्या. मुलाप्रमाणे शाळा बदलते, ही कल्पना महाराष्ट्रात बाहेरून आणावी लागलेली नाही.

जमेच्या बाजू लिहिताना पुरावा मात्र हवा. ‘आमची मुलं फार समजूतदार आहेत’ हा पुरावा झाला नाही. ‘चौथीच्या मुलांनी लंगडीच्या खेळात कॅलिपर लावणाऱ्या मुलीसाठी नियम बदलला, आता ती हद्दीवरून गडी बाद करते’ हा झाला.

कच्च्या जागा

पहिली कच्ची जागा दयेतून तयार होते. ‘राहू दे त्याला’ हे वाक्य शाळेत दिवसातून किती वेळा उच्चारलं जातं, ते मोजून पाहावं. परिपाठात सगळे ओळीत उभे राहतात आणि तो वर्गात दप्तरांची राखण करतो. कवायतीला सूट, क्षेत्रभेटीला सूट, स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेत प्रेक्षक म्हणून मानाची जागा. कुणाचाच हेतू वाईट नसतो. पण वर्षअखेरीस या सगळ्या सवलतींची बेरीज केली तर मूल शाळेच्या निम्म्या आयुष्याबाहेर राहिलेलं असतं.

दुसरी जागा ‘ती विशेष शिक्षकांची मुलं’ या समजुतीची. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर विशेष गरजा असलेल्या दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण घालून दिलं. २०२४ मध्ये राज्य सरकारने केंद्र स्तरावर विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करण्याचा निर्णय घेतला. ही पदं भरली तरी एका केंद्रात अनेक शाळा असतात आणि शिक्षक एक. ते फार तर आठवड्यातून एखादा दिवस येणार. उरलेले दिवस मूल वर्गशिक्षकांचंच आहे. विशेष शिक्षकांच्या भेटीचा दिवस त्या मुलाला वर्गाबाहेर नेण्यात संपत असेल, तर भेट कशी वापरायची ते बदलावं. त्यांनी वर्गात बसावं, वर्गशिक्षकांचा तास पाहावा आणि पुढच्या आठवड्याच्या टाचणात दोन-तीन बदल सुचवावेत.

तिसरी जागा उशिरा होणाऱ्या ओळखीची. वाचताना ‘ब’ आणि ‘व’ यांच्यात रोज गोंधळणारं, तोंडी उत्तर चटकन देणारं आणि वही कोरी ठेवणारं मूल ‘आळशी’ ठरतं. विशिष्ट अध्ययन अक्षमतेसाठी तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शाळेतच प्राथमिक चाळणी व्हावी असं केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. एनसीईआरटीच्या ‘प्रशस्त’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये वर्गशिक्षकांसाठी निरीक्षणाची तयार यादी मिळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं वैद्यकीय पथकही वर्षातून एकदा शाळेत येतं. पथक येण्याच्या आदल्या आठवड्यात वर्गशिक्षकांनी आपली निरीक्षणं कागदावर उतरवून ठेवावीत. नाहीतर वजन-उंची घेऊन, दात पाहून पथक निघून जातं. एक पथ्य मात्र पाळावं. शिक्षकांनी शंका नोंदवायची. निदान तज्ज्ञांनी करायचं. ‘तुमचा मुलगा गतिमंद आहे’ असं शाळेच्या ओट्यावर उभं राहून पालकांना सांगणं हा गुन्हा नसला तरी अन्याय नक्कीच आहे.

चौथी जागा कुलूपबंद साहित्याची. श्रवणयंत्र घरच्या ट्रंकेत, ब्रेल पाटी कार्यालयाच्या कपाटात, दोन वर्षांपूर्वी मिळालेली व्हीलचेअर आता लहान पडलेली. श्रवणयंत्राची बॅटरी संपली की ते महिनोन्महिने कानाला लागत नाही. हे साहित्य वापरात आहे की नाही हे दर महिन्याला कुणी पाहायचं, ते एका माणसाच्या नावावर टाकलं तर हा प्रश्न जवळजवळ फुकटात सुटतो.

पाचवी जागा भाषेची आणि स्थलांतराची आहे आणि ती समावेशनाच्या यादीत अनेकदा येतच नाही. घरी पावरी, कोरकू, माडिया किंवा गोरमाटी बोलणारं मूल पहिलीत गप्प राहतं, म्हणून त्याला कमी बुद्धीचं ठरवलं जाण्याचा धोका असतो. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचं मूल दिवाळीनंतर गायब होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. त्याच्यासाठी जाईल त्या गावच्या शाळेत प्रवेश मिळवून देणारं शिक्षण हमी कार्ड आहे, गावात थांबणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. गाव सुटण्यापूर्वी कार्ड हातात पडलं का, हे दसऱ्याच्या सुमारासच तपासावं लागतं.

एक दिवस, एक मूल

पाहणी कशी करावी? शाळासिद्धी उपक्रमात सात क्षेत्रं आणि ४६ गाभा मानकं आहेत. त्यातलं सहावं क्षेत्र समावेशन, आरोग्य आणि सुरक्षिततेचं. शाळेने स्वतःला तीनपैकी एका स्तरावर ठेवायचं असतं. चौकट उपयोगाची आहे, पण मुख्याध्यापकांच्या टेबलावर बसून भरली तर तिच्यातून काही हाती लागत नाही. ब्रिटनमध्ये टोनी बूथ आणि मेल एन्स्को यांनी २००० साली तयार केलेली समावेशनाची निर्देशिका शाळेकडे तीन बाजूंनी पाहते : संस्कृती, धोरण आणि प्रत्यक्ष व्यवहार. या तीन चाळण्या लावल्या तर आपल्या बहुतेक शाळा पहिल्या बाजूला बऱ्या, तिसऱ्या बाजूला कधी चांगल्या तर कधी यथातथा आणि दुसऱ्या बाजूला, म्हणजे लिखित व्यवस्थेत, कोऱ्या निघतील.

यासाठी सोपी रीत अशी. एका मुलाला एक पूर्ण दिवस दुरून पाहायचं. पाहणारी व्यक्ती शेजारच्या शाळेतली शिक्षिका, केंद्रप्रमुख किंवा शाळा व्यवस्थापन समितीतली आई असावी. वर्गशिक्षक नको, त्यांना सवयीमुळे बरंच काही दिसत नाही. वहीच्या पानावर चार रकाने आखावेत : मुलाने स्वतः काय केलं, कुणाशी बोललं, काय करू दिलं नाही, मदत कुणी आणि किती केली. दर अर्ध्या तासाने नोंद घ्यावी. परिपाठ, मधली सुट्टी, जेवणाची पंगत आणि शौचालयाची फेरी यात आलीच पाहिजे. दिवसाच्या शेवटी तिसरा रकाना भरगच्च आणि दुसरा रिकामा असेल, तर सुधारणा कुठून सुरू करायची हे वेगळं सांगावं लागत नाही.

त्याच दिवशी टेप घेऊन इमारतही मोजावी. रॅम्पचा उतार १ : १२ हवा. जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प किमान ५.४ मीटर लांब लागतो. त्याहून आखूड रॅम्पवर मूल स्वतः चढू शकत नाही आणि उतरताना घसरतं. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर असावी, कठडे दोन्ही बाजूंना. शौचालयाचं दार बाहेर उघडावं, आत व्हीलचेअर वळायला जागा असावी, आधाराची दांडी भिंतीत घट्ट बसलेली असावी. शेवटी कुणीतरी मोठ्याने व्हीलचेअरवर बसून फाटकापासून शौचालयापर्यंत जाऊन यावं. मोजपट्टीवर न दिसलेले अडथळे त्या फेरीत दिसतात.

वर्गात काय बदलता येतं

पैसे लागणाऱ्या सुधारणा वेळ घेतात. वर्गातल्या सुधारणा सोमवारी सुरू करता येतात.

तिसरीतला नाणी-नोटांचा तास घ्या. फळ्यावर गणितं लिहून देण्याऐवजी शिक्षिका वर्गात आठवडी बाजार मांडतात. दोन बाकांवर भाजी, एकावर खेळणी, मागे भावफलक. बरीचशी मुलं दोन वस्तूंच्या किमतींची हातच्याची बेरीज करून सुटे पैसे परत देतात. ज्याची मजल दहापर्यंतच्या अंकांवर आहे तो गल्ल्यावर बसतो आणि दहाच्या नोटा मोजून गठ्ठे लावतो. अगदी कमी दिसणारी मुलगी नोटा हाताने ओळखते. नव्या मालिकेतली दहाची नोट १२३ मिलिमीटर लांब असते, पन्नासची १३५, शंभरची १४२. पुठ्ठ्याची एक मापपट्टी दिली की फरक बोटांना कळतो. शब्द फुटायला वेळ लागणारा मुलगा चित्रकार्डं दाखवून गिऱ्हाईक होतो. धडा सगळ्यांसाठी एकच, बाजारही एकच. टाचणात मात्र तीन वेगळी उद्दिष्टं आधी लिहिलेली असतात. ती लिहिलेली नसतील तर गल्ल्यावरचं मूल पुन्हा नुसतं बसून राहण्याचा धोका असतो.

तास संपल्यावरची वर्णनात्मक नोंदही तितकीच नेमकी हवी. ‘चांगला प्रयत्न करतो’ या नोंदीतून पुढच्या शिक्षकाला काही कळत नाही. ‘दहाच्या पाच नोटा मोजून पन्नास सांगतो, पन्नासची एक नोट दिली की गोंधळतो’ ही नोंद पुढचा पाठ ठरवून देते.

ऐकू कमी येणाऱ्या मुलासाठी शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलणं टाळावं. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नये, कारण चेहरा अंधारात जातो आणि ओठ दिसत नाहीत. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं तसा गोंगाटही मोठा करतं. पत्र्यावर पाऊस वाजत असताना तोंडी सूचना देण्यापेक्षा लिहून द्याव्यात. मूल खुणांनी बोलणारं असेल तर अख्ख्या वर्गाने खुणा शिकाव्यात. भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोश इंटरनेटवर मोफत पाहता येतो. परिपाठात रोज दोन खुणा घेतल्या तर वर्षभरात मुलांचा आपसात संवाद सुरू होतो. खुणा जाणणारं कुणीच नसलेल्या वर्गात कर्णबधिर मूल एकटं पडतं. तसं होणार असेल तर चांगल्या विशेष शाळेचा पर्याय पालकांपुढे मोकळेपणाने ठेवावा.

कमी दिसणाऱ्या मुलासाठी फळा वेळेवर रंगवून घ्यावा, उन्हाची तिरीप पडत असेल तर पडदा लावावा आणि लिहिताना प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी. ठळक अक्षरांतली पाठ्यपुस्तकं समग्र शिक्षा विभागाकडे मागवता येतात. मागणी वेळेत जाणं महत्त्वाचं. स्वमग्न किंवा चंचल मुलासाठी दिवसाचं वेळापत्रक चित्रांत लावावं आणि बदल होणार असेल तर आधी सांगावं. ध्वनिक्षेपकाचा कर्कश आवाज सहन न होणाऱ्या मुलाला परिपाठात मागच्या टोकाला जागा द्यावी. यातल्या बऱ्याच गोष्टींचा फायदा साऱ्या वर्गाला होतो, हे शिक्षकांना महिन्याभरात जाणवतं.

कागदावर उतरवणं

आता मूळ मुद्दा. जे चांगलं चाललं आहे ते माणूस बदलल्यावरही चालू राहावं, यासाठी विशेष गरजा असलेल्या प्रत्येक मुलाचं एक पान तयार करावं. वैयक्तिक शैक्षणिक आराखडा विशेष शिक्षक बनवतातच. हे पान त्याहून साधं, वर्गशिक्षकांच्या शब्दांत असावं. मूल काय काय करू शकतं, आपलं म्हणणं कसं सांगतं, कशाने बिथरतं, कशाने शांत होतं, कुठल्या जागी बसवल्यावर फायदा झाला, कुठलं साधन वापरतं, पुढचं उद्दिष्ट काय. फिट्स येत असतील तर काय करायचं तेही ठळक लिहावं : कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा किंवा चप्पल हुंगवायची नाही, झटका पाच मिनिटांहून जास्त चालला तर दवाखाना गाठायचा आणि पालकांचा फोन कुठे लिहिलेला आहे. हे पान मुख्याध्यापकांकडे राहावं, भिंतीवर लागू नये. वर्ग किंवा शिक्षक बदलला की कार्यभाराच्या यादीत त्याचीही नोंद व्हावी, जशी डेडस्टॉकची होते.

पैशाचा भाग व्यवस्थापन समितीचा. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. वंचित घटकांतल्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावं लागतं. २०१२च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मुलं या घटकात मोडतात. तेव्हा अशा एका तरी आईला किंवा वडिलांना समितीत घ्यावं. समग्र शिक्षेच्या निकषांनुसार ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला दहा हजार, ३१ ते १०० पटाला पंचवीस हजार रुपये संयुक्त शाळा अनुदान मिळतं. त्यातून नवं शौचालय होत नाही. उंबरठा फोडून उतार करणं, दुसऱ्या बाजूचा कठडा, आधाराची दांडी, फळ्याचा रंग एवढं होतं. मोठं बांधकाम शाळा विकास आराखड्यात घालावं आणि ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करावी. मदतनीस भत्ता, प्रवास भत्ता आणि दिव्यांग मुलींचा दरमहा दोनशे रुपयांचा प्रोत्साहन भत्ता यांची यादी गट साधन केंद्रातून आणून समितीत वाचून दाखवावी. कितीतरी पालकांना हे माहीतच नसतं.

पालकांचा वाटा

दिव्यांग मुलाच्या पालकांनी प्रवेशाच्या वेळी काही लपवू नये. फिट्सची औषधं, ऐकण्याची अडचण शाळेला आधी कळली तर मुलाची सुरक्षितता वाढते आणि त्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्राचा, अर्ज लवकर करावा, पण कार्ड येईपर्यंत शाळेनेही थांबायचं नाही. पुढच्या बाकावर बसवायला प्रमाणपत्र लागत नाही. शाळेला भेट द्याल तेव्हा ‘तुमच्याकडे सोयी आहेत का?’ असं विचारू नका. ‘माझं मूल परिपाठात, खेळाच्या तासाला आणि सहलीला काय करेल?’ असं विचारा. उत्तरावरून शाळा कळते.

इतर पालकांची एक तक्रार ठरलेली असते : ‘त्या मुलामुळे आमच्या मुलाचा अभ्यास मागे पडतो.’ तक्रार करणाऱ्यांवर रागावू नये, त्यांना वर्गात बोलवावं. बाजाराचा तो तास पाहिलेले पालक आपल्या मुलाने किती हिशेब केले हेही पाहून जातात. कुणी खरोखर मागे पडत असेल, तर तो नियोजनातला दोष आहे आणि तो शिक्षकांशी बोलून दूर करता येतो.

सगळं एकाच वर्षात होणार नाही. पहिल्या सत्रात एक दिवसाची पाहणी, इमारतीचं मोजमाप आणि प्रत्येक मुलाचं पान. दुसऱ्या सत्रात अनुदानातली किरकोळ दुरुस्ती आणि टाचणातली वेगळी उद्दिष्टं. मार्च-एप्रिलमध्ये तीच पाहणी पुन्हा, त्याच चार रकान्यांत. दोन्ही पानं शेजारी ठेवली की सुधारणा झाली की नाही हे कुणालाही वाचता येईल.

मुख्याध्यापकांनी व्यवस्थापन समितीच्या येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत ‘विशेष गरजा असलेल्या मुलांचा सहभाग’ हा विषय पहिल्या क्रमांकावर घ्यावा आणि कुठलं काम कुणी, किती तारखेपर्यंत करायचं, ते सभा संपण्यापूर्वी इतिवृत्तात नावानिशी लिहून त्यावर सह्या घ्याव्यात.